आजोबांच्या पुरचुंड्या : वारशाने आलेली जुनी नाणी कशी लावावीत?

मलप्रभा (खानापूर), धागाकर्ती

नमस्कार. आमचे आजोबा खानापुरात भुसारी मालाचे दुकान चालवत असत. दुकान बंद झाल्यावर त्यांची लोखंडी पेटी आमच्या आत्यांकडे गेली आणि आत्यांनी ती शेवटपर्यंत देवघराशेजारी जपली. गेल्या दिवाळीनंतर आत्या वारल्या आणि आतेभावाने ती पेटी आपणहून आमच्या घरी आणून दिली. तिच्यात मांजरपाटाच्या ११ पुरचुंड्या निघाल्या. प्रत्येकीत नाणी आहेत आणि काहींत मोडी अक्षरातल्या चिठ्ठ्याही आहेत. आतापर्यंत आम्ही तीनच पुरचुंड्या सोडल्या आहेत. त्यांत व्हिक्टोरियाचे राणीछाप रुपये, पंचम जॉर्जचे रुपये, चवल्या-पावल्या, भोकाचे पैसे आणि अक्षरे झिजलेली काही जाड तांब्याची नाणी मिळाली.

वारसदार आम्ही तिघे आहोत. चुलत भावाचे म्हणणे असे, की सगळी नाणी मोजून सारखे तीन भाग करावेत आणि मोकळे व्हावे. बाजारातल्या एका सराफाने काही रुपये हातात घेऊन चांदीच्या वजनावर भाव सांगितला आणि बाकीच्या तांब्याला काहीच किंमत नाही, असेही सांगितले. दरम्यान, माझ्या पुतण्याने चांगल्या हेतूने एका पुरचुंडीतली ३० नाणी चिंच लावून घासली. ती आता नव्यासारखी चमकतात, पण त्यांच्याकडे पाहिले की माझ्या मनाला काहीतरी चुकल्यासारखे वाटते. सुरुवात कोठून करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

वेदगंगा (निपाणी)

सर्वप्रथम विनंती अशी, की उरलेल्या आठ पुरचुंड्या आज सोडू नका आणि सोडलेल्या तीनही एकमेकींत मिसळू देऊ नका. हे मी आमच्या घरात झालेल्या चुकीवरून सांगतो. माझ्या वडिलांच्या तंबाखूच्या वखारीत अशीच नाणी मिळाली होती. आम्ही पहिल्याच संध्याकाळी सतरंजी अंथरून राणीचे ढीग, एडवर्डचे ढीग, जॉर्जचे ढीग असे लावले आणि कापडाच्या चिंध्या टाकून दिल्या. आज ती नाणी माझ्याकडे नीट लावलेली आहेत, परंतु कोणती नाणी वडिलांनी वापरातून बाजूला काढली होती, कोणती लक्ष्मीपूजनासाठी ठेवली होती आणि कोणती कोणा शेतकऱ्याने गहाण म्हणून दिली होती, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. राजांची नावे नाण्यावर वाचता येतात आणि ती उद्याही वाचता येतील. नाणे कोणत्या पुरचुंडीत, कोणाच्या शेजारी होते हे मात्र नाण्यावर लिहिलेले नसते.

म्हणून प्रत्येक पुरचुंडीला क्रमांक द्यावा, गाठ सोडण्यापूर्वी तिचा फोटो घ्यावा, चिठ्ठी असल्यास तिचाही घ्यावा आणि कापडासकट सगळे एका खाकी पाकिटात ठेवावे. त्यानंतर आतल्या नाण्यांना ४/१, ४/२ असे क्रमांक द्यावेत. क्रमांक पाकिटावर लिहावा. नाण्यावर काहीही लिहू किंवा चिकटवू नये.

पुरचुंडी केव्हा बांधली याचा अंदाजही यातून घेता येतो. तिच्यातले सर्वांत अलीकडच्या सालाचे नाणे शोधावे. पुरचुंडी त्या साली किंवा त्यानंतरच बांधलेली असणार, आधी नव्हे. एखाद्या पुरचुंडीत सर्व नाणी १९१० पर्यंतची असतील आणि दुसरीत १९४५ पर्यंतची, तर त्या दोन वेगळ्या काळातल्या, कदाचित दोन वेगळ्या माणसांच्या बचती असू शकतात.

हिरण्यकेशी (संकेश्वर)

आमच्या घरी पिढ्यान्पिढ्या सोनारकामच असल्याने वजन आणि कसाबद्दल लिहितो. कंपनी सरकारने १८३५ साली सर्व मुलखासाठी एकच रुपया ठरवला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात १२ भागांपैकी ११ भाग शुद्ध चांदी. जुना एक तोळाही बरोबर एवढाच. त्यामुळे आमच्या आजोबांच्या काट्यावर बंदा रुपया हेच तोळ्याचे वजन असे आणि ८० रुपये टाकले की एक शेर होई. तुमच्या आजोबांच्या भुसारी दुकानातही काही रुपये याच कामासाठी वेगळे ठेवलेले असू शकतात. अशा रुपयांच्या कडा सारख्या हाताळून गुळगुळीत झालेल्या असतात आणि ते बहुधा एकत्रच बांधलेले असतात.

ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग एवढे घेतले तरी बरेच काम होईल. १९३९ पर्यंतच्या रुपयात सुमारे १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी असते. महायुद्धाच्या काळात चांदी महागल्याने १९४० पासून रुपयात निम्मीच चांदी ठेवली गेली, म्हणजे ५.८३ ग्रॅम. या युद्धकाळातल्या रुपयाच्या काठाकडे पाहा. दात्यांच्या मधोमध एक खोलगट रेघ फिरलेली दिसेल. खोटी नाणी पाडणे अवघड व्हावे म्हणून ती केली होती. १९४७ चा रुपया तर संपूर्ण निकेलचा आहे आणि त्याला लोहचुंबक चटकन चिकटतो. वाघाचे चित्र असलेला हा रुपया लोक चांदीचा म्हणून घेऊन येतात आणि हिरमुसून परत जातात. उलट राणीछाप रुपयाला लोहचुंबक चिकटला, तर ते नाणे निश्चित खोटे आहे.

सराफाने वजनावर भाव सांगितला, त्यात त्याने फसवले असे मी म्हणणार नाही. त्याचा व्यवसाय चांदीचा आहे. पण चांदीचा भाव हा अशा नाण्याच्या किमतीचा तळ आहे, कळस नव्हे. कोणी नाण्याला कसोटीवर घासायला किंवा काठ कानशीने पाहायला मागितले, तर स्पष्ट नकार द्या. त्या ओरखड्याने नाण्याचे कायमचे नुकसान होते.

चिंचेबद्दल मात्र मला वाईट वाटते. चिंच, लिंबू, राख, भांड्यांची पूड यांपैकी काहीही नाण्याला लावू नये. शंभर वर्षांत चांदीवर आलेला काळसर-निळसर थर हा मळ नसतो, त्यालाच संग्राहक किंमत देतात. कुंकू आणि हळद बसलेली नाणीही तशीच राहू द्यावीत. फारच माती असेल तर शुद्ध केलेल्या पाण्यात भिजवून, मऊ सुती कापडावर न चोळता टिपावे. पुतण्याला रागावू नका. आमच्या लहानपणी आम्हीही दिवाळीत हेच करत होतो.

घटप्रभा (गोकाक)

अक्षरे झिजलेल्या जाड तांब्याच्या नाण्यांकडे दुर्लक्ष करू नये, एवढ्यासाठी लिहितो. त्यांच्यात शिवराई असण्याची बरीच शक्यता आहे. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र पति’ असा मजकूर असतो. परंतु ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान असे, त्यामुळे बहुतेक नाण्यांवर सगळी अक्षरे उतरलेली नसतात. नाणे हातात फिरवून उन्हात तिरपे धरले, की ‘रा’चा काना किंवा ‘ति’ची वेलांटी अचानक दिसते. छत्रपती शिवाजी महाराजांच्या नंतरही ही नाणी अनेक टांकसाळींतून पडत राहिली. पेशवाईतल्या काही शिवरायांवर ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्या मध्ये दोन आडव्या रेघा असतात, म्हणून त्यांना दुदांडी म्हणतात. इंग्रजी अमलातही आपल्या भागात शिवराई बाजारात चालत होती. म्हणून प्रत्येक शिवराई ही महाराजांच्या हयातीतली आहे, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. साधी शिवराई आजही पुष्कळ मिळते आणि तिचा भाव माफकच असतो, पण आपल्या घरातल्या पेटीत ती सापडणे हा वेगळाच आनंद आहे.

चांदीच्या नाण्यांवर फारसी अक्षरे असतील, तर ती लगेच मोगलांची मानू नयेत. मराठा अमलातल्या टांकसाळींतून पडलेल्या बहुतेक रुपयांवर मोगल बादशहाचेच नाव फारसीत असे. पुण्याच्या रुपयावर अंकुशाची खूण असल्याने तो अंकुशी म्हणून ओळखला जाई, तर बागलकोटला पडणाऱ्या रुपयाला मल्हारशाही म्हणत. अशा नाण्यांवर सराफांनी पारखताना मारलेले बारीक ठसेही आढळतात. ठशांमुळे बाजारभाव कमी होतो, पण ते नाणे खरोखर कोणाकोणाच्या हातून फिरले, याची ती साक्ष असते.

एक सावधगिरीची गोष्ट. ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, १८१८ साल आणि एका बाजूला मारुती किंवा रामपंचायतन असलेली तांब्या-पितळेची नाणी पेटीत सापडली, तर ती चलनी नाणी नव्हेत. कंपनीने अशी नाणी पाडलीच नाहीत. ती पूजेसाठी किंवा यात्रेत विकण्यासाठी नंतर तयार केलेली टोकने आहेत. अशी नाणी तांदूळ ओढून घेतात आणि म्हणून त्यांना कोटींची किंमत येते, असे सांगून माणसांना लुबाडणाऱ्या टोळ्या आपल्याकडे अनेक वर्षांपासून फिरत आहेत.

मात्र वेदगंगा यांच्या एका मुद्द्याशी मी पूर्ण सहमत नाही. पुरचुंड्या तशाच बांधून ठेवल्या, तर त्यातले दुर्मीळ नाणे कधीच ओळखले जाणार नाही. शेवटी नाणी राजवट, साल आणि टांकसाळ यांप्रमाणेच लावावी लागतात.

वेदगंगा (निपाणी)

आपला मुद्दा योग्य आहे आणि नाणी कायम बांधून ठेवावीत असे मलाही म्हणायचे नाही. नोंद पुरचुंडीप्रमाणे पूर्ण झाली, की यादी राजवटीप्रमाणे हवी तशी लावता येते. वहीतल्या ओळींची अदलाबदल केल्याने काहीच हरवत नाही. घाई केली, तर मात्र परतीचा रस्ता बंद होतो, एवढेच माझे म्हणणे आहे.

यादी करताना राणीछाप रुपयांत एक गोष्ट पाहावी. १८४० च्या रुपयाचे दोन प्रकार आहेत. एकात ‘व्हिक्टोरिया क्वीन’ ही अक्षरे डोक्याभोवती सलग फिरतात, दुसऱ्यात डोक्यामुळे ती दोन्हीकडे विभागली जातात. १८६२ साल असलेले रुपये तर पुढची अनेक वर्षे त्याच सालाने पाडले गेले. मुंबईच्या टांकसाळीने त्यांवर बारीक ठिपके देऊन खरे वर्ष सुचवले आहे, म्हणून १८६२ च्या नाण्याची मागची बाजू भिंगाखाली सावकाश पाहावी. १८७७ पासून राणीची सम्राज्ञी झाली आणि ‘क्वीन’च्या जागी ‘एम्प्रेस’ आले. पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया सापडल्यास बादशहाच्या गळ्यातल्या साखळीवरचा हत्ती पाहा. त्याची सोंड इतकी आखूड आहे, की लोकांना ते डुक्कर वाटले, गदारोळ झाला आणि १९१२ पासून हत्ती सुधारला गेला. तो रुपया इतर सामान्य सालांपेक्षा महाग जातो, पण फार दुर्मीळ नाही. खरोखर दुर्मीळ आहे तो १९३९ चा रुपया, आणि म्हणूनच त्याचे खोटे नमुनेही बाजारात भरपूर आहेत.

मार्कंडेय (बेळगाव)

कायद्याबद्दल थोडक्यात लिहितो. घरात वारशाने आलेली नाणी बाळगणे हा गुन्हा नाही. जमिनीत पुरलेले धन सापडले, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. पेटीतल्या नाण्यांना तो नियम लागत नाही. शंभर वर्षांहून जुनी नाणी मात्र १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरतात आणि ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत. परदेशातल्या नातेवाइकाला भेट म्हणूनही पाठवू नका. जुन्या नाण्यांच्या बदल्यात लाखो रुपये मिळतील, आधी शुल्क किंवा कर भरा, असा फोन रिझर्व्ह बँकेच्या नावाने आला, तर तो फसवणुकीचा समजावा. बँकेने २०२१ साली तसा इशारा जाहीरपणे दिलेला आहे.

किमतीचा खरा अंदाज हवा असेल, तर विक्रीसाठी ठेवलेल्या नाण्यांचे भाव पाहू नयेत. लिलावात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या, त्याच सालाच्या, त्याच टांकसाळीच्या आणि तितक्याच झिजलेल्या नाण्यांचे भाव पाहावेत. मागितलेला भाव आणि मिळालेला भाव यांत मोठे अंतर असते. अभ्यासाच्या दृष्टीने मदत हवी असेल, तर नाशिकजवळच्या अंजनेरी येथील नाणेशास्त्र संशोधन संस्था हे आपल्या भाषेत बोलता येईल असे ठिकाण आहे.

मलप्रभा (खानापूर)

सर्वांचे मनापासून आभार. गेले तीन रविवार मी आणि आतेभाऊ बसून काम करत आहोत. आठ पुरचुंड्यांची नोंद पूर्ण झाली. जे दिसले ते सविस्तर लिहिते, कारण तुमच्याशिवाय ते मला कळलेच नसते.

दुसऱ्या पुरचुंडीत २० रुपये होते. त्यांतले सर्व राणी आणि एडवर्ड यांचे, सर्वांत अलीकडचे साल १९०७. त्यांच्या कडा इतक्या गुळगुळीत आहेत की दाते बोटाला लागत नाहीत आणि काट्यावर ते ११.३ ते ११.५ ग्रॅम भरले. हिरण्यकेशी यांनी लिहिले तेच खरे असावे. २० रुपये म्हणजे पाव शेर. हे आजोबांच्या दुकानाचे वजन होते, असे आम्हाला आता वाटते. हे रुपये राजवटीप्रमाणे वेगळे केले असते, तर ते केवळ झिजलेली नाणी ठरले असते.

पाचव्या पुरचुंडीत कुंकू लागलेले सात रुपये आणि एका लहान कापडात गुंडाळलेली एक चवली होती. सात रुपयांपैकी एकाच्या कडेला कडी जोडण्यासाठी सोनाराने डाग दिल्याची खूण आहे, म्हणजे तो कधीतरी माळेत ओवलेला असावा. आतेभाऊ म्हणाला, आजी लक्ष्मीपूजनाला सात रुपये पाटावर मांडत असे आणि सुनेच्या ओटीसाठी एक चवली वेगळी ठेवत असे. हे त्याने आपल्या आईकडून ऐकले होते. ते कुंकू आम्ही पुसलेले नाही.

सहाव्या पुरचुंडीने आमची सर्वांत जास्त पंचाईत केली. तिच्यातली चिठ्ठी मोडीत होती. तिचा फोटो वेदगंगा यांना पाठवला आणि त्यांनी मजकूर वाचून दिला, तो असा: ‘लोंढें, मीठ व नारळ, बाकी येणें’. लोंढें म्हणजे गोव्याच्या वाटेवरचे आमच्या तालुक्यातले लोंढा. आत सहा नाणी आहेत. त्यांतला रुपयाएवढा मोठा तुकडा मी ब्रिटिश समजले होते, पण त्यावर दाढीमिशा असलेल्या राजाचे डोके असून लुईस हे नाव आणि १८८१ साल आहे, तर मागच्या बाजूला ‘इंडिया पोर्तुगेझा’ अशी अक्षरे आहेत. बाकीची पाच तांब्याची आहेत. म्हणजे हे गोव्याचे पैसे आहेत.

घटप्रभा (गोकाक)

फारच सुंदर! तो पोर्तुगीज हिंदुस्थानचा रुपिया आहे आणि वजनाने व कसाने तो आपल्या कलदार, म्हणजे यंत्रावर पाडलेल्या ब्रिटिश रुपयाच्या बरोबरीचा होता. गोव्यात एका रुपियाचे १६ तांगे होत असत, जसे आपल्या रुपयाचे १६ आणे, त्यामुळे घाटावरच्या दुकानदाराला हिशेब अवघड नव्हता. तांब्याच्या पाचांवर साल आणि मूल्याची अक्षरे पाहून कळवा. चिठ्ठीसकट मिळालेला हा संच मला पुरचुंडीतून सुटा केलेला पाहायला आवडणार नाही. माझे आधीचे मत मी मागे घेतो.

मार्कंडेय (बेळगाव)

वाटणीबद्दल एक सूचना करू का? नाणी मोजून वाटली, तर एकाच्या हिस्स्याला गोव्याच्या संचातली दोन नाणी आणि दुसऱ्याच्या हिस्स्याला चिठ्ठी जाईल. त्याऐवजी प्रत्येक पुरचुंडीचा अंदाजे भाव काढावा आणि पुरचुंड्याच वाटाव्यात. फरक पडेल तो साध्या, सुट्या रुपयांनी किंवा रोख रकमेने भरून काढावा. यादीच्या तीन प्रती करून तिघांनीही त्यांवर सह्या कराव्यात. पुढे कोणाला विकायचे झाले, तर आधी इतर दोघांना विचारायचे, असेही त्यातच लिहून ठेवा.

हिरण्यकेशी (संकेश्वर)

ठेवणीबद्दल एवढेच लिहितो. खानापुरात पाऊस फार, म्हणून पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात त्या दोन-तीनदा बदला. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत नाणी ठेवू नका. काही वर्षांत त्यांना हिरवट चिकट थर येतो. रबरबँड तर मुळीच वापरू नका, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. तांब्याच्या एखाद्या नाण्यावर फिकट हिरवी भुकटी दिसली, तर ते लगेच इतरांपासून वेगळे करा. नाणे नेहमी काठाला धरावे आणि खाली मऊ कापड अंथरावे.

मलप्रभा (खानापूर)

मार्कंडेय यांची सूचना घरात वाचून दाखवली. चुलत भावाने थोडा विचार करून होकार दिला आणि वजनाचे २० रुपये आपल्याला मिळावेत असे सांगितले, कारण लहानपणी तो आजोबांबरोबर दुकानात बसत असे. आम्ही ते त्याच्या नावावर लिहिले. लक्ष्मीपूजनाचे सात रुपये आणि ती चवली आतेभावाकडे राहतील. गोव्याची सहा नाणी चिठ्ठीसकट माझ्याकडे आहेत. त्यांतल्या तांब्याच्या तीन नाण्यांवर १८८१ आणि दोनांवर १८८४ साल आहे, मूल्याची अक्षरे भिंगाखाली पुन्हा पाहून कळवते.

चिंचेने घासलेली ३० नाणी एका वेगळ्या पाकिटात ठेवली असून त्यावर तसे लिहिले आहे. पुतण्या आता वजने घेतो आणि वहीत आकडे उतरवतो. भिंग त्याच्याकडून परत मिळवणे कठीण झाले आहे. नववी, दहावी आणि अकरावी या पुरचुंड्या अजून सोडलेल्या नाहीत. नवव्या पुरचुंडीची गाठ आत्यांच्या हातची दिसते, कारण तिच्यावर त्यांच्या जुन्या लुगड्याच्या काठाची पट्टी बांधलेली आहे. ती आतेभावाने स्वतः सोडावी, असे ठरले आहे. तो येत्या रविवारी येणार आहे.